टाच बसली का? चालायला लागलेलं लेकरू आणि क्लबफूटचा ब्रेस

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेलं पाऊल. ते आधी प्लॅस्टरने सरळ करतात आणि मग सरळ राहावं म्हणून ब्रेस, म्हणजे दांडीने जोडलेले दोन बूट, घालतात. प्लॅस्टरचे आठवडे कसेबसे पार पडतात, कारण तिथे सगळं डॉक्टरांच्या हातात असतं. ठरल्या दिवशी जायचं, प्लॅस्टर बदलून घ्यायचं, परत यायचं. ब्रेसचं तसं नाही. तो घरात घालायचा, रोज घालायचा, आणि लेकरू दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला नकार द्यायलाही शिकतं. त्यातच पाऊल आता सरळ दिसत असतं. पोरगं घरभर पळतंय, मग रात्री पायात ही दांडी कशाला, असं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे विचारू लागतात. बरा झालेला पाय पुन्हा वाकडा व्हायला लागतो तो बहुतेकदा याच दिवसांत, आणि त्याचं कारण बहुतेकदा कपाटावर जाऊन बसलेला ब्रेस हेच असतं.

हा लेख एक ते चार वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातलं घर, इथलं हवामान, इथली धावपळ गृहीत धरली आहे. तुमच्या डॉक्टरांनी ब्रेसचे तास किंवा बुटांच्या कोनाचे अंश वेगळे सांगितले असतील तर त्यांचंच धरा.

पाऊल सरळ झालं, तरी ब्रेस का?

आज क्लबफूटवर जगभर वापरली जाते ती पोन्सेटी पद्धत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी ती घडवली. आठवड्याला एक याप्रमाणे पाच ते आठ प्लॅस्टर, मग बहुतेक बाळांमध्ये टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) छोट्याशा छेदाने मोकळी करणं, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लॅस्टर, आणि तिथून पुढे ब्रेस. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. त्यानंतर फक्त झोपेच्या वेळी, म्हणजे रात्र आणि दुपार मिळून १२ ते १४ तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत.

प्लॅस्टरने पाऊल जागेवर येतं, पण ते आत ओढण्याची मूळ ओढ संपत नाही. पोटरीच्या मागच्या आणि पावलाच्या आतल्या बाजूच्या शिरा आणि बंध पहिली काही वर्षं पुन्हा आखडू पाहतात, आणि याच वर्षांत पाय झपाट्याने वाढत असतो. झोपेत ब्रेस पाऊल बाहेर वळवून आणि वर उचलून धरतो, त्यामुळे हे बंध ताणलेले राहतात. पोन्सेटी उपचाराच्या माहितीत नेहमी दिले जाणारे आकडे असे आहेत: ब्रेस पहिल्याच वर्षी सोडला तर साधारण ९० टक्के मुलांचा पाय पुन्हा वाकडा होतो, दुसऱ्या वर्षी सोडला तर ७० ते ८० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० ते ४० आणि चौथ्या वर्षी १० ते १५ टक्के. घरात ‘आता बास झालं’ म्हणणारं कुणी असेल तर हे चार आकडे त्यांना जरूर वाचून दाखवा.

आणि ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून असा पाय होतो, हे साफ खोटं. साधारण आठशे ते हजार बाळांमागे एकाला क्लबफूट असतो, ग्रहण पाळणाऱ्या घरांत आणि न पाळणाऱ्या घरांतही. दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्यात गेलेली संध्याकाळ ब्रेसच्या कामी येत नाही.

हातातली वस्तू आधी ओळखा

सरकारी दवाखान्यांतून बहुतेक वेळा स्टीनबीक पद्धतीचा ब्रेस मिळतो: पुढून उघडे चामडी बूट, लेस, आणि दोन्ही बुटांना जोडणारी लोखंडी दांडी. खासगीत पट्ट्यांचे मऊ सँडल आणि दांडीपासून सुटे होणारे बूटही मिळतात. प्रकार कोणताही असो, चार गोष्टी बघायच्या.

पहिली, कोन. वाकड्या असलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंश बाहेर वळलेला असतो, चांगल्या पायाचा ३० ते ४० अंश. दोन्ही पाय वाकडे असतील तर दोन्ही ६० ते ७०. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत लागतात, कारण दांडीला दुसऱ्या पायाचा आधार नसेल तर पाऊल बाहेर वळलेलं राहतच नाही. सुट्या एका पायाचा प्लॅस्टिकचा पट्टा याची जागा घेऊ शकत नाही, कुणी कितीही सोयीचा म्हणून विकत असो.

दुसरी, दांडीची लांबी. एका टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या टाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर लेकराच्या खांद्यांच्या रुंदीएवढं हवं. एका खांद्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या खांद्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत शिवणाची टेप लावून मोजा. दांडी आखूड पडली की लेकरू अस्वस्थ होतं, झोपत नाही, आणि घरच्यांना वाटतं की हट्ट करतंय. दर तीन महिन्यांनी मोजायची सवय ठेवा.

तिसरी, दांडीचा बाक. दांडी मध्ये थोडी वाकवलेली असते, जेणेकरून पावलं किंचित वर उचललेली राहतील. बाकाची फुगीर बाजू लेकरापासून लांब असते. कुणी ‘दांडी वाकली’ म्हणून ठोकून सरळ करून आणली तर उपचाराचा अर्धा भाग गेला. हे होतं, म्हणून लिहिलं.

चौथी, तुमच्या ब्रेसला असतील तर, स्क्रू. कोन नीट असताना बूट आणि दांडी यांच्या जोडावर पक्क्या मार्करने एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बूट फिरला. आठवड्यातून एकदा स्क्रू आवळा. आवळायची चावी एका ठरलेल्या जागी टांगून ठेवा, औजारांच्या डब्यात टाकली की ती मिळत नाही. कोन स्वतः बदलू नका.

घालायची पद्धत

सगळी मेख टाचेत आहे. टाच बुटाच्या तळाला टेकली तर बाकीचं आपोआप जमतं. ती वर राहिली की बूट निघतो, फोड येतो, लेकरू रडतं, आणि ब्रेस घालूनही फायदा मिळत नाही.

पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करा. तेल, क्रीम, पावडर काही नाही. मालिश करायचीच असेल तर सकाळी, आंघोळीआधी. तेलकट पाय बुटात घसरतो आणि घासतो.

मोजा सुती, थोडा जाड, बुटाच्या वर दोन बोटं येईल एवढा लांब. शिवण जाड असेल तर मोजा उलटा करून घाला, म्हणजे शिवण त्वचेला लागत नाही. टाचेवर आणि बोटांवर एकही चुणी नको. पायजमा किंवा लेगिंग बुटाआधी चढवा, नंतर दांडीमुळे जमत नाही. मांडीच्या आतल्या बाजूने बटणं असलेले कपडे सगळ्यात सोयीचे, लंगोट बदलताना ब्रेस काढावा लागत नाही. मुलींना रात्री झबलं किंवा फ्रॉक सोपा पडतो.

बूट पूर्ण उघडा. लेस अर्धवट सैल करून पाय कोंबायचा प्रयत्न करू नका, शेवटच्या भोकापर्यंत ढिली करा आणि जीभ पुढे ओढून घ्या.

जास्त आखडलेला पाय आधी घाला. पहिला बूट बसला की लेकरू दुसरा पाय स्वतःच ढकलून देतं, तेव्हा अवघड पाय सुरुवातीलाच उरकलेला बरा.

गुडघा वाकवा. पाय सरळ असताना पोटरी ताणलेली असते आणि टाच खाली जात नाही. गुडघा वाकला की पोटरी सैल पडते. एका हाताने नडगीच्या खालच्या भागाला धरून पाय मागे आणि खाली दाबा, टाच मागच्या भिंतीला आणि तळाला टेकू द्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जीभ घोट्याच्या पुढच्या घडीवर दाबून धरा. पट्ट्यांचा बूट असेल तर मधली पट्टी सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट, कारण टाचेला खाली धरणारी तीच. लेसचा बूट असेल तर घोट्याजवळचा भाग आधी ओढा, मग खालचा-वरचा. नंतर बाकीच्या पट्ट्या.

आता तपासा. बुटाला मागे भोकं असतील तर त्यातून टाच दिसते. भोकं नसतील तर नडगी धरून पाय हलकेच वर-खाली करा. बोटं बुटात पुढे-मागे सरकली तर टाच टेकलेली नाही. काढा, पुन्हा घाला. टाच नक्की बसलेली असते त्या दिवशी बुटाच्या तळव्यावर बोटांची टोकं येतात तिथे पेनाने रेघ मारून ठेवा. पुढे आजी, मावशी, कुणीही घालो, बोटं रेघेपर्यंत आली की ठीक, मागे राहिली किंवा पुढे गेली तर चुकलं.

बोटं सरळ आहेत ना, एखादं खाली दुमडलं नाही ना, तेही बघा. अंगठा दाबून सोडला की दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. पंधरा मिनिटांनी एकदा पुन्हा आवळा, कारण चामडं पायाच्या उबेने सैल पडतं.

सुरुवातीला याला दहा मिनिटं लागतात, सवय झाल्यावर दोन. घालणारी किमान दोन माणसं घरात तयार ठेवा. आई विड्या वळायला जाते, बाबा यंत्रमागावर रात्रपाळीला, आणि संध्याकाळी लेकरू आजीकडे, अशी किती तरी घरं इथे आहेत, आणि आजीला जमत नाही म्हणून ब्रेस राहून जातो. दवाखान्यात ब्रेस घालून दाखवतात तेव्हा मोबाइलवर मिनिटाभराचा व्हिडिओ काढा. पूर्व भागातल्या घरांत आजी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी असेल, तर कागदावरच्या मराठी सूचनांपेक्षा तो व्हिडिओ फार कामाचा. डाव्या-उजव्या बुटांवर वेगळ्या रंगाचे ठिपकेही करून ठेवा.

तास कसे भरायचे

रात्री साडेआठ ते सकाळी साडेसहा, हे झाले दहा तास. दुपारी एक ते साडेतीन, अडीच तास. बेरीज साडेबारा. एवढं जमलं की झालं. दुपारची झोप मोडली तर रात्री ब्रेस दोन तास आधी घाला आणि जेवण, गोष्ट ब्रेसमध्येच होऊ द्या. ब्रेस घालून लेकरू बसू शकतं, रांगू शकतं, सरावलं की उभंही राहतं. जागेपणी चालायला लावायची गरज नाही.

तीन वर्षांपुढे दुपारी झोपणं बंद होतं. मग भार रात्रीवर येतो. त्या वयात रात्री दहाला झोपून सहाला उठणारं मूल आठच तास ब्रेसमध्ये असतं, तेव्हा संध्याकाळचं खेळणं ब्रेस घालून बसल्या बसल्या असू द्या: चित्रं, ठोकळे, कणकेच्या गोळ्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तासांचा आकडा लिहा. डॉक्टर विचारतात ‘घालता ना?’ आणि सगळेच ‘हो’ म्हणतात. महिन्याचं पान बघितलं की खरं कळतं, डॉक्टरांना आणि तुम्हालाही.

नकार देणारं लेकरू

दोन वर्षांच्या मुलाला ‘घालूया का?’ असं विचारायचंच नाही. उत्तर ठरलेलं असतं. ‘लाल मोजा की निळा?’ हे विचारा. ब्रेस आहे हे ठरलेलं, निवड मोज्याची.

रोज क्रम तोच ठेवा: हातपाय धुणं, दूध, मोजा, बूट, गोष्ट. क्रम बदलला की वाटाघाटी सुरू होतात. लेकरू आधीच रडत असताना ब्रेस काढला तर रडलं की सुटका होते हे त्याला एका रात्रीत कळतं, आणि पुढचे पंधरा दिवस तुम्ही ते फेडत बसता. म्हणून काढायचा तो शांत असताना. उठल्यावर, हसत असताना, कौतुक करून. चूक केल्यावर ‘थांब, बूट घालते’ अशी धमकी तर कधीच नको.

ब्रेस घातल्यावर पहिली पाच मिनिटं दांडी मध्ये धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे. एक पाय वेगळा मारायला गेलं की दांडी अडवते आणि चिडचिड होते, दोन्ही एकत्र हलवायचे हे लेकराला शिकवावं लागतं. नवीन दांडी आली, दांडीची लांबी वाढली, की हा खेळ पुन्हा दोन-तीन दिवस करा.

दांडीवर आवरण हवं, नाहीतर शेजारी झोपलेल्या भावंडाच्या डोक्याला टोला बसतो. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असतं ते काळं फोमचं नळकांडं एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, ते उभं चिरून दांडीवर बसवा. तेवढंही नसेल तर जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी गुंडाळून शिवून टाका. फोम मोज्याच्या किंवा बुटाच्या कडेखाली जाणार नाही एवढं बघा.

स्वतः बूट काढणारी मुलं साधारण अठरा महिन्यांपुढे सापडतात. उपाय सोपे आहेत. लेस दुहेरी गाठ मारून गाठ मागे टाचेकडे न्या, बकल असेल तर ते हाताला सहज सापडणार नाही असं ठेवा, किंवा सगळ्यावरून बाबांचा जुना मोजा, पुढचं टोक कापून, चढवा. टोक कापायचं ते बोटांचा रंग दिसावा म्हणून. पण बूट वारंवार निघत असेल तर आधी टाच तपासा. हुशार लेकरापेक्षा सैल बूट हे कारण जास्त वेळा असतं.

बाहुलीला किंवा टेडीला रबरबँडने काडी बांधून ‘तिचे पण बूट’ केले तर काही मुलांना फार आवडतं, काही ढुंकून बघत नाहीत.

सोलापूरचा उन्हाळा, झोळी, दुचाकी

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीही घरं तापलेली असतात. याच दोन महिन्यांत ब्रेस सुटतो. ‘उन्हाळ्यापुरता बंद ठेवू’ असं ठरतं, आणि जूनमध्ये टाच बुटात जात नाही. बंद करू नका, सोय करा. अंगावर बनियन आणि लंगोट पुरे, पायांवर चादर नको. मोजे पातळ पण सुतीच. नायलॉनचे मोजे घाम अडकवतात, त्यात कातडी मऊ पडून सोलते. दुपारी एक जोड, रात्री दुसरा. कूलर असेल तर झोत पायांकडे. सकाळी बूट पूर्ण उघडून पंख्याखाली ठेवा. चामडी बूट गच्चीवर कडक उन्हात वाळवले की आकसतात आणि कडेला तडे जातात, तीच कड मग घासते. आतून ओल्या फडक्याने पुसायचे, बादलीत बुडवायचे नाहीत.

साडीची झोळी आणि अरुंद पाळणा या वयात सोडावेच लागतात. झोळीत दांडी आडवी अडकते, पाय एकमेकांकडे दाबले जातात आणि गुडघ्यांवर ताण येतो. खाली गादी घालून झोपवणं सगळ्यात बरं. पलंगावर झोपवत असाल तर दांडी कठड्याच्या फटीत अडकत नाही ना ते बघा. मच्छरदाणीत दांडी गुंतते, म्हणून ती मोठी आणि चांगली खोचलेली हवी.

दुचाकीवर ब्रेस घातलेलं मूल नेऊ नका. दांडी बाजूला बाहेर येते, गर्दीत अडकते. प्रवासात ब्रेस पिशवीत, पोचल्यावर पायात. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली आणि लांबचा रात्रीचा प्रवास असेल तर मांडीवर आडवं घेऊन घालता येतो.

लग्न, जत्रा, मुक्काम यांची रात्र अवघड असते. जानेवारीत गड्ड्याहून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेहून, परतायला उशीर होतो, लेकरू खांद्यावर झोपलेलं असतं, आणि उठवून ब्रेस घालायचं जिवावर येतं. उठवायची गरजच नाही. गाढ झोप लागल्यावर वीसेक मिनिटांनी गुडघा वाकवून घातला तर बहुतेक मुलं जागी होत नाहीत. गेलेले तास दुसऱ्या दिवशी दुपारी भरून काढा. एखादी रात्र चुकल्याने पाय वाकडा होत नाही. चुकलेल्या रात्रीनंतर ‘आता काय उरलं’ म्हणून सोडून दिल्याने होतो.

ताप, सर्दी, जुलाब यांत ब्रेस चालूच ठेवायचा. लशीच्या सुईने मांडी दुखत असेल तर त्या रात्री घालताना मांडीला धक्का लागू देऊ नका, एवढंच.

बिघडतं ते कुठे

काढल्यावर त्वचेवर फिकट लाल खुणा दिसतात आणि तासाभरात जातात. त्या ठीक. टाचेच्या मागे किंवा घोट्यावर गडद लाल डाग राहत असेल, फोड आला असेल, तर बहुतेकदा बूट सैल आहे. इथे सगळे उलटं करतात. लागतंय म्हणून आणखी ढिलं करतात, टाच आणखी वर-खाली घासते, फोड मोठा होतो. मधली पट्टी एक भोक घट्ट करा, मोजा बदला, टाच पुन्हा तपासा. लाल जागेवर तेल-क्रीम नको, कातडी आणखी मऊ पडते. फोड फुटला असेल तर स्वच्छ करून झाका आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात दाखवा. किती दिवस थांबायचं ते त्यांना ठरवू द्या, कारण घरी ठरवलेले ‘दोन दिवस’ सहज दोन आठवडे होतात.

रात्री किंचाळत उठलं तर दिवा लावून क्रमाने बघा: बोटं दुमडली आहेत का, बोटांचा रंग निळसर आहे का, मोज्याला चुणी आहे का, टाच वर आली आहे का, लंगोट ओला आहे का. दुरुस्त करून त्याच रात्री पुन्हा घाला. बोटं निळी, गार किंवा सुजलेली असतील आणि ब्रेस काढूनही अर्ध्या तासात सुधारली नाहीत, तर लगेच दवाखाना.

बोटं बुटाच्या पुढच्या कडेबाहेर येऊन खाली वळायला लागली की बूट लहान झाला. या वयात साधारण सहा महिन्यांनी ही वेळ येते, काहींना आधी. बोटांना जागा व्हावी म्हणून बुटाचा पुढचा भाग कापू नका, मापच बदलून घ्या. नवा जोड मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून बोटं कडेला टेकली की मागणी नोंदवा, बाहेर यायची वाट बघू नका. शिवण उसवली, लेस तुटली, जीभ निघाली, तर नेहमीच्या चांभाराकडून शिवून घेता येतं. दांडी, कोन आणि बाक यांना मात्र त्याने हात लावायचा नाही.

परत वाकडं होतंय का?

महिन्यातून एकदा, दिवसा, अनवाणी असताना बघा. मागून बघताना टाच आतल्या बाजूला कलली आहे का? चालताना पावलाची बाहेरची कड आधी टेकते का, बोटं आत वळतात का, टाच जमिनीपासून उचललेली राहते का? गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वाकवलं तर ते काटकोनाच्या पुढे, अजून १०-१५ अंश वर यायला हवं. मागच्या महिन्यापेक्षा कमी येतंय का? आणि सगळ्यात सोपी परीक्षा: लेकरू उकिडवं बसलं की दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकतात का. आपल्या घरांत मुलं दिवसातून दहा वेळा उकिडवी बसतात, फक्त टाचांकडे बघायचं. या बसण्याने पोटरी ताणलीही जाते, म्हणून जमिनीवर खेळायला प्रोत्साहन द्या.

कालपर्यंत नीट बसणारा बूट अचानक निघायला लागला, आणि तो लहान झालेला नाही, पट्टीही ठीक आहे, तर ही बहुतेकदा पहिली खूण असते. टाच जोर लावून कोंबू नका, दोन-तीन दिवसांत दाखवा.

लवकर दाखवलं तर दोन-तीन प्लॅस्टरवर काम भागतं आणि पुन्हा ब्रेस. कधी टाचेची शीर पुन्हा मोकळी करावी लागते. तीन वर्षांच्या पुढे, चालताना पाऊल आत वळून वर उचलत असेल, तर नडगीपुढच्या स्नायूची शीर पावलाच्या बाहेरच्या बाजूला नेऊन बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. ती ठरलेली, मर्यादित शस्त्रक्रिया आहे. मात्र प्लॅस्टर न करता थेट आतून सगळे बंध मोकळे करणारी मोठी शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर पोन्सेटी पद्धत नियमित वापरणाऱ्या दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

एक गोष्ट घाबरण्यासारखी नाही: क्लबफूट असलेल्या पायाची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल थोडं लहान राहतं. ते तसंच राहणार. मालिशने भरत नाही आणि ते वाकडं होण्याचं लक्षणही नाही. चालणं इतर मुलांपेक्षा एक-दोन महिने उशिरा सुरू झालं तरी चालतं. दिवसा घालायला खास बूट लागत नाहीत, साधे मऊ बूट किंवा अनवाणी पुरेसं. आणि दिवसाचे ‘ऑर्थो’ बूट रात्रीच्या ब्रेसचं काम करत नाहीत.

सोलापुरात कुठे जायचं

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या अस्थिरोग विभागात क्लबफूटची मुलं कोणत्या वारी बघतात हे विचारून घ्या आणि त्याच वारी जा, म्हणजे ब्रेस बसवणारी माणसंही भेटतात. बार्शी, करमाळा, सांगोल्याहून येणाऱ्यांची एक फेरी तरी वाचते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यात क्लबफूटचा समावेश आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडी ताईंकडे लेकराचं नाव आणि चालू उपचार नोंदवून ठेवा, पुढच्या तपासणीसाठी पाठवणं पथकामार्फत होऊ शकतं. क्युअर इंडिया ही संस्था देशभरातल्या अनेक सरकारी रुग्णालयांबरोबर मोफत ब्रेस पुरवते, तेव्हा ब्रेस विकत घेण्याआधी मोफत मिळतो का हे विभागात विचारा.

तपासणीचं साधारण वेळापत्रक असं: तीन वर्षांचं होईपर्यंत दर चार महिन्यांनी, चार वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत वर्ष-दोन वर्षांतून एकदा. पंढरपूर-माळशिरसकडच्यांनी आषाढीच्या आठवड्यात तारीख घेऊ नये, वारीच्या गर्दीत एसटी मिळत नाही आणि तपासणी एकदा चुकली की महिना जातो. जाताना ब्रेस, तासांचं कॅलेंडर, जुने कागद, आणि लेकरू अनवाणी चालतानाचा पुढून-मागून काढलेला छोटा व्हिडिओ न्या. दवाखान्यात गेल्यावर लेकरू चालायचं नाव घेत नाही, तेव्हा तो व्हिडिओ कामी येतो.

ब्रेस कधी थांबवायचा हे चार-पाच वर्षांच्या आसपास डॉक्टर पाऊल हाताने तपासून ठरवतात. थांबवल्यावर पहिलं वर्षभर महिन्याची तपासणी, विशेषतः उकिडव्या बसण्याची, घरी चालू ठेवा. लहान झालेले बूट भंगारात टाकू नका, चावी आणि स्क्रूसकट दवाखान्यात परत द्या. दुसऱ्या बाळाला ते चालतील का हे तिथलेच लोक बघतील. ओळखीत कुणाच्या लेकराला परस्पर देऊ नका, कारण चामडं एका पायाच्या आकाराला बसलेलं असतं आणि कोन दुसऱ्याच्या मापाचा असतो.